पालथा तारा

मशिदीच्या नव्या दारावर, कमानीच्या बरोब्बर मध्यावर बसायचा होता तो मोठा तारा माझा होता. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण म्हणायला कशाला हवं? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून झिलईच्या फरशा फोडून त्यातून चांदण्या, पाकळ्या, पट्ट्या मी कापतेय. बोटं बघा माझी, एकालाही धड नख नाही. आणि सासऱ्यांनी जेवता जेवता सहज सांगून टाकावं, "तारा धाकटी मांडेल." माझा घास हातातच राहिला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. काल-परवा आलेली. हिला छिन्नी धड धरता येत नाही. कापायला बसली की फरशीचे तुकडे नाही, भुगा होतो. पण नक्षी एकदा बघितली की डोक्यात पक्की. सासरे म्हणतात, देणगी आहे. असेल बाई! आमच्या वाट्याला नुसती मेहनत आली.

नवऱ्याला बोलले, तर म्हणे, "अगं, घरचंच काम आहे, कुणी का करेना." घरचंच! भावजय मिरवणार आणि बायको घरची.

आणि दार तरी कसं! दोन्ही बाजूंना दगडात कोरलेल्या वेली, वर निळ्या अक्षरांची पट्टी, त्याच्याही वर मधाच्या पोळ्यासारखे एकाखाली एक उतरत आलेले कोनाडे. पण आत शिरणाऱ्याची नजर आधी जाणार ती ताऱ्याकडेच.

आमचं काम चालतं पालथं. तुकडे मांडायचे ते झिलई खाली करून. वर दिसतात त्या नुसत्या मातकट पाठी, सगळ्या सारख्या. कुठला निळा, कुठला हिरवा, ते मांडणारीनं ध्यानात ठेवायचं. मग वरून चुना ओतायचा, आणि तो धरला की अख्खा तक्ता उलटायचा. काय केलंय ते तेव्हा पहिल्यांदा दिसतं. चुकलं असेल तर कपाळाला हात लावायचा, दुसरा इलाज नाही.

धाकटी मांडत होती, मी शेजारी बसून कापून देत होते आणि मनातल्या मनात दातओठ खात होते. त्यात ही बया गुणगुणायची. मी छिन्नी उचलली की हिचं सुरू. अगं, गाणी कसली म्हणतेस?

शेवटची पाकळी बसली, सासरे चुन्याचं घमेलं घेऊन आले, आणि माझी नजर एका जागी अडकली. ताऱ्याच्या पोटाशी दोन तुकड्यांची अदलाबदल झाली होती. हिरव्याच्या जागी काळा, काळ्याच्या जागी हिरवा. आकार एकच, पाठीही सारख्या, दुसऱ्या कुणाला कळलंच नसतं. पण काळी झिलई ठिसूळ. ती कापताना मी छिन्नी जरा तिरकी धरते, त्यामुळे काळ्याची कड उतरती असते. आपली कापणी आपल्याला कळते.

खोटं कशाला बोलू, एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. मला करायचं काहीच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. तक्ता उलटला की हिची देणगी चव्हाट्यावर आली असती आणि सासरे मुकाट माझ्याकडे आले असते. तारा माझा झाला असता.

घमेलं तिरपं झालं आणि माझ्याच तोंडून निघालं, "थांबा!"

दया आली म्हणाल, तर मुळीच नाही. माझा हिरवा होता तो! अख्ख्या भट्टीतला सगळ्यात चांगला हिरवा. तो भलत्याच जागी चुन्यात कायमचा अडकून फुकट जाणार? छे! मी पुढे झाले, दोन्ही तुकडे उचलले, जागच्या जागी ठेवले आणि परत येऊन बसले. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. सासरे नुसतं "हं" म्हणाले आणि चुना ओतला.

तारा कमानीत चढला. जो तो मान वर करतो, "वा! कुणी मांडला?" सासरे छाती फुगवून सांगतात, "आमच्या धाकट्या सुनेनं." कापला कुणी, हे कुणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. माझा नुसता जळफळाट.

एकदा दाराखाली उभी होते, तर ही शेजारी येऊन उभी राहिली.

"जाऊबाई, त्या दिवशी तुम्ही का बोललात?"

"तुझ्यासाठी नाही. माझ्या हिरव्यासाठी."

"ते कळलं मला." ती वरच बघत होती. "मी तुमच्या जागी असते ना, तर नसते बोलले. ओतू दिला असता चुना."

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही कापायला बसलात की मला बघवत नाही," ती म्हणाली. "एक घाव, आणि कड कशी सरळ! माझा तर भुगा होतो. म्हणून तर गुणगुणते मी. तुमच्या छिन्नीचा आवाज कानावर पडू नये म्हणून."

म्हणजे इतके दिवस ही माझ्यावर जळत होती! माझ्यावर! जिवाला असं गार वाटलं म्हणून सांगू.

"काय म्हणालीस?" मी म्हटलं. "परत एकदा सांग बरं."