डाग सरकला तर धूर

मित्रांनो, आधी नुसतं ऐका, मध्ये कुणी बोलायचं नाही! मी एक जुना मॉनिटर आहे, हैदराबादच्या एका ऑफिसातला. वर आकाशातून उपग्रह फोटो पाठवतो आणि तो माझ्या काचेवर उमटतो. आग कुठे लागलीय, धूर कुठे चाललाय, सगळं दिसतं! ढग पांढरेशुभ्र, धूर मळकट. मी नवा होतो तेव्हा माझ्यासमोर काम करणारी त्रिवेणीताई मला रोज मऊ फडक्याने पुसायची. म्हणायची, "काय झकास दिसतं रे तुझ्यावर!" मी नुसता फुगायचो.

मग माझ्या डाव्या बाजूला एक डाग पडला. मळकट, अगदी धुरासारखा! ताईने युक्ती काढली. नकाशा सरकवायचा. डाग जागेवर राहिला तर माझा, सरकला तर धूर. पुढे माझी वायरही सैल झाली, मी लुकलुकायला लागलो. साहेब म्हणाले, "आणखी एकदा बंद पडला की भंगारात."

आणि परवा काय झालं माहितीये? शहराच्या पश्चिमेला गवत पेटल्याची बातमी आली. माझ्यासमोर पुण्याहून नवीन आलेला प्रथमेश. ताईच्या लेकीला, श्रुतीला, दमा, आणि तिचा नारायणगुड्याला मैदानावर कबड्डीचा सामना. ताई फोन हातात घेऊन उभी.

"पाठवू का पोरीला? लवकर सांग रे."

"बिनधास्त पाठवा. पश्चिमेला या म्हाताऱ्या मॉनिटरचा डाग आहे, बाकी सगळं स्वच्छ."

"नकाशा सरकवलास?"

"ताई, डाग कळतो मला. पुण्याचा आहे मी!"

"हौ, म्हणूनच विचारतेय," ताई हसली आणि नंबर लावायला लागली.

माझा डाग लिंबाएवढा, मला ठाऊक ना. आज त्याला शेपूट फुटलं होतं, शहराकडे वळलेलं. धूरच तो! पण ओरडायला मला तोंड कुठंय? येतं ते एकच, लुकलुकणं. आणि त्यात बंद पडलो की भंगार.

मी डोळा मिटला. सगळं काळं.

"अरे यार, गेला!" प्रथमेशने वायर उपटून परत खोचली. वायर खोचली की माझं चित्र जरा उजवीकडे सरकून येतं, जुनी खोड. डाग राहिला जागेवर, आणि त्याच्यामागून धूर बाहेर आला!

"ताई... थांबा. डागाचं शेपूट सरकलं. धूर आहे!"

ताईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि फोनवर म्हणाली, "श्रुती, आज मैदान नक्को. रड, पण घरात बसून रड." मग दोघांनी फटाफट सगळीकडे कळवलं. शाळेने सामनाच पुढे ढकलला.

संध्याकाळी साहेब आले. "हा बंद पडला होता म्हणे?"

"नाही सर," प्रथमेश म्हणाला, "डुलकी मला लागली होती."

आता तो रोज स्वतःच्या रुमालाने मला पुसतो आणि आधी नकाशा सरकवतो. मी मजेत आहे. तुमच्याही घरी जुनं काही लुकलुकत असेल, तर फेकायच्या आधी जरा पुसून बघा हं. पण खरं सांगा, भंगाराची गाडी दारात उभी असती, तर तुम्ही डोळा मिटला असता?