राखीव गोलरक्षकाचा मुखवटा

मित्रांनो, मी चेहऱ्यावर चढवायचा एक जुना मुखवटा आहे. नाटकातला नव्हे, सोंगातलाही नव्हे. आइस हॉकीच्या खेळात गोलपुढे उभा राहणारा गोलरक्षक मला घालत असे. या खेळात चेंडू नसतो. पक नावाची कडक रबराची चकती असते, डबीच्या झाकणाएवढी. ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येते. तिच्या आणि माझ्या मालकाच्या कपाळाच्या मधे मी असावे, एवढेच माझे काम.

माझ्या मालकाचे नाव ज्ञानेश. जन्म नागपूरचा, पण चौथ्या वर्षी आईवडिलांबरोबर कॅनडाला गेला आणि तिथेच बर्फावर उभा राहायला शिकला. तो बावीस वर्षांचा असताना एका कारागिराने त्याच्या चेहऱ्यावर ओले प्लास्टर थापले. नाकपुड्यांत दोन नळ्या घालून तो निपचित पडून राहिला. त्या साच्यावर काचतंतूंच्या कापडाचे थरावर थर चिकटवून मला घडवले. पुढे पोलादी जाळी बसवली, आत फोमचे अस्तर लावले. ज्ञानेशच्या डाव्या भुवईवर एक उंचवटा आहे. त्याच्यासाठी माझ्या आत तेवढाच खळगा आहे. दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर मी नीट बसत नाही.

"कुठल्या संघाचं चित्र काढू?" रंगाऱ्याने विचारले.

ज्ञानेश हसला. "पांढराच ठेवा. संघ बदलत राहतील."

आणि ते बदलत राहिले. चौदा वर्षांत नऊ संघ झाले. अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे रस्त्यावर कधी बर्फ दिसत नाही, तिथल्या छोट्या गावांतून आम्ही बसने हिंडलो. मग डेन्मार्क, पोलंड, फ्रान्स, स्लोव्हाकिया. कुठे एक हंगाम, कुठे अर्धाच. बहुतेक ठिकाणी ज्ञानेश राखीव असे. म्हणजे पहिला गोलरक्षक खेळायचा आणि ज्ञानेश बाकाच्या टोकाला बसायचा. त्या टोकाला बर्फावर उतरायचे दार असते. खेळाडू दर मिनिटाला बदलतात आणि ते दार उघडण्याचे काम राखीव गोलरक्षकाकडेच येते. तो ते मनापासून करी. मी त्याच्या गुडघ्यावर असे.

कौतुकही वाट्याला आले. स्लोव्हाकियातल्या एका गावात, रविवारच्या दुपारी, आमच्याकडे एक्केचाळीस फटके आले आणि एकही आत गेला नाही. लोक ढोल बडवत होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आमचे छायाचित्र आले. खाली नाव चुकीचे होते, पण मी अगदी स्पष्ट दिसत होतो. पुढच्या सामन्याला पहिला गोलरक्षक तापातून बरा होऊन आला. ज्ञानेश पुन्हा दारापाशी बसला.

आयर्लंडला आम्ही यामिनीमुळे आलो. यामिनी ज्ञानेशची बायको, पुण्याला शिकलेली डॉक्टर. तिला मलिंगारच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि ज्ञानेशला उत्तरेकडच्या एका शहरातल्या संघात जागा मिळाली. दोघांच्या वाटेत मधे पडेल म्हणून त्यांनी डंडॉकला घर घेतले. त्यांची मुलगी स्वरांगी तेव्हा पाच वर्षांची होती. आईबाबांचे मराठी तिला सगळे कळायचे; उत्तर मात्र ती शाळेतल्या इंग्रजीत द्यायची.

इथेही तेच दार होते. पण चौथ्या हंगामात, फेब्रुवारीत, पहिल्या गोलरक्षकाचा गुडघा दुखावला. ज्ञानेश छत्तीस वर्षांचा होता. त्याला सलग अकरा सामने मिळाले आणि त्यांतले आठ संघाने जिंकले. लोक त्याचे नाव घेऊन ओरडू लागले, तेही अगदी बरोबर उच्चारून. संघ उपांत्य फेरीत पोहोचला. सामना शनिवारी होता.

त्याच्या बारा दिवस आधी सरावात एक फटका वर उडाला आणि माझ्या कपाळावर, डाव्या बाजूला बसला.

मला वेदना होत नाहीत. जे झाले ते तसेच सांगतो. पांढऱ्या रंगाखालचा एक थर दुसऱ्यापासून सुटला. आतला फोम एका जागी चपटा झाला आणि पुन्हा वर आला नाही. ज्ञानेश गुडघ्यांवर बसला, दोनदा डोळे मिटले, उठला आणि प्रशिक्षकाकडे बघून त्याने अंगठा वर केला. बाहेरून माझ्यावर केसाएवढी रेघ होती. त्याने ती अंगठ्याने पुसून पाहिली आणि त्यावर चिकटपट्टी लावली. कुणाला काही सांगितले नाही.

पुढचे दिवस तो घरात काळा चष्मा लावून वावरू लागला. यामिनीने विचारले, "डोकं दुखतंय का रे?" तो म्हणाला, "झोप नीट होत नाहीये गं, बाकी काही नाही." ती वॉर्डातून थकून येत होती. त्याने सांगितले ते तिने मानून घेतले.

संघाच्या सामानाची देखभाल एमन करायचा. साठीचा, डंडॉकचाच माणूस. गुरुवारी सकाळी त्याने मला पुसायला हातात घेतले. पट्टी दिसली तशी त्याने ती काढली. दोन्ही अंगठ्यांनी मला दाबले आणि कानाशी धरले. मी करकरलो.

"हा गेला," तो म्हणाला. "किती दिवस झाले?"

"कालच लागलं," ज्ञानेश म्हणाला.

"पट्टीच्या कडेला आठवड्याचा मळ आहे. डोकं कसं आहे तुझं?"

"ग्रँड," ज्ञानेश म्हणाला. इथे 'मजेत आहे' म्हणायचे असले की हाच शब्द वापरतात.

"आमच्याकडे शवपेटीत ठेवलेला माणूससुद्धा ग्रँडच म्हणतो," एमन म्हणाला. "आज संघाच्या डॉक्टरला सांग."

"शनिवारनंतर सांगतो. नक्की. एवढा एकच सामना, एमन."

एमनने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातले, गाडीत ठेवले आणि एक तास गाडी चालवून ज्ञानेशच्या घरी आला. त्या दिवशी यामिनीला सुट्टी होती. त्याने मला जेवणाच्या टेबलावर ठेवले, फुटलेली बाजू वर करून. "मी लावालावी करणारा माणूस नाही," तो अवघडून म्हणाला, "पण डॉक्टर तुम्ही आहात." चहासुद्धा न घेता तो निघून गेला.

यामिनीने माझ्या आत हात घातला. चपटा झालेला फोम बोटांना लागला तशी तिची बोटे थांबली. मग ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसून राहिली. ज्ञानेश स्वरांगीला शाळेतून घेऊन आला तेव्हाही ती तशीच बसली होती.

त्याने मला पाहिले. दप्तर हातातच राहिले.

"कधी लागलं?" यामिनीने विचारले.

"मागच्या सोमवारी."

"अकरा दिवस. अकरा दिवस तू हिला गाडीत बसवून शाळेत नेतोयस."

"यामिनी, ऐक. मी बरा आहे. थोडा उजेडाचा त्रास होतो, बस."

"एमनला काय म्हणालास ते मला नको सांगूस."

"चौदा वर्षं मी दुसऱ्यांसाठी दार उघडलंय गं," ज्ञानेश म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चौदा वर्षं. कुणाला माझं नाव धड लिहिता आलं नाही. आता परवा सहा हजार लोक येणार आहेत. एक सामना मागतोय. नंतर तू म्हणशील ते करीन."

यामिनीचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. ती म्हणाली, "ठीक आहे. मी अडवणार नाही. एकच कर. डिसेंबरपासून मागे महिने म्हण."

"काहीतरीच काय!"

"म्हण ना."

त्याने श्वास घेतला. "डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर." तो थोडा थांबला. "ऑगस्ट. जुलै. जून..."

स्वरांगी फ्रिजपाशी दूध ओतत होती. मागे न वळताच ती म्हणाली, "बाबा, यू स्किप्ड सप्टेंबर."

ज्ञानेशने पुन्हा सुरुवात केली, हळू, बोटांवर मोजत. या खेपेला त्याने दोनदा ऑगस्ट म्हटले. मग त्याने हात टेबलावर ठेवले. एक माझ्या अगदी जवळ होता, पण त्याने मला उचलले नाही.

"बाबा?" स्वरांगी वळली. "आर यू ओके?"

"नाही बाळा," तो म्हणाला. मी ऐकलेले त्याचे हे पहिले खरे उत्तर होते.

त्याने प्रशिक्षकाला फोन लावला. यामिनीने लावून दिला नाही, त्यानेच लावला. दोन वाक्यांत सगळे सांगितले, अकरा दिवसांसकट. नंतर तो पडदे ओढून आतल्या खोलीत जाऊन पडला.

शनिवारी गोलपुढे दुसराच माणूस उभा राहिला. एरवी विजेच्या तारा जोडणारा आणि अडीअडचणीला संघाने बोलवायचा असा. दुपारचा सामना होता. स्वरांगी अंधाऱ्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर बसून फोनवरचा धावता निकाल बाबाला हलक्या आवाजात सांगत होती. संघ तीन-दोनने जिंकला. आतून ज्ञानेशने विचारले, "त्यानं किती अडवले?" "थर्टी-थ्री," ती म्हणाली. "चांगला खेळला," तो म्हणाला.

डोकेदुखी सात महिने टिकली. नवरात्रात यामिनीने त्याला सांगितले की आता परत नाही. त्याला ते आधीच ठाऊक होते. शेवटचा सामना, हार, निरोपाचे भाषण, असे काही झाले नाही.

मला वाटले, आपण आता काचेच्या कपाटात जाऊ. निदान माळ्यावर तरी. यामिनीला मी घरातच नको होतो. ज्ञानेशने तिसरेच केले. डिसेंबरातल्या एका सकाळी त्याने मला मागच्या अंगणातल्या शेडमध्ये नेले, शिकंज्यात धरले, बारीक दातांची करवत घेतली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत मला सावकाश उभे कापले. जाळी आधीच काढून ठेवली होती. मधे एकदा तो थांबला, करवत खाली ठेवून अंगणात जाऊन आला. मग त्याने उरलेले काम पुरे केले.

तर मित्रांनो, आज मी दोन तुकड्यांत आहे. ज्ञानेश मला पिशवीतून शाळांत आणि क्लबांत नेतो. इथल्या मुली कॅमोगी खेळतात, लाकडी काठ्यांनी, डोक्याला शिरस्त्राण घालून. त्यांना तो आधी माझी बाहेरची पांढरी बाजू दाखवतो आणि विचारतो, "काही दिसतंय?" मुली म्हणतात, नाही. मग तो मला उलटा करतो. कापलेल्या कडेवर थर कसे सुटलेत, फट किती लांब गेली आहे, ते आता उघडे दिसते. मुली त्या फटीवरून बोट फिरवतात. मग एकेक मुलगी आपले शिरस्त्राण तपासायला त्याच्यापुढे आणून ठेवते. माझे सध्याचे काम हे असे आहे. पहिल्यापेक्षा कमी दगदगीचे.

माझ्यासारख्या वस्तू सहसा विनवणी करतात की आम्हाला जपा, टाकू नका. मी उलट सांगतो. रक्षण करणारी वस्तू एकदा फुटली की तिचे आभार माना आणि बिनदिक्कत टाकून द्या. तिच्या पांढऱ्या रंगाला भुलू नका. मार खाल्लेल्या माणसाला मात्र टाकू नका. त्याला बाहेर बसवा, पडदे ओढा आणि बरे वाटेपर्यंत दाराशी कुणीतरी बसून राहा.