दोनशे कोसांच्या आत

पदमचंदनं दोऱ्याचं एक टोक कामरगाववर अंगठ्यानं दाबून धरलं, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधली आणि नकाशावर हलक्या हातानं गोल ओढला. ओढून झाल्यावर उगीचच चष्मा पुसू लागला. समोर बसलेले शाळेतले देवमन गुरुजी नकाशावर वाकले. रेघ कोकणातल्या बंदराच्या गावाला पोटात घेऊन गेली होती. समुद्रातली बेटं मात्र, लेकीच्या पत्रावरून गुरुजींनीच शाईनं टिंबं देऊन ठेवलेली, ज्वारीच्या दाण्याभर बाहेर राहिली होती.

एस.टी.च्या थांब्यासमोर पदमचंदचं वह्या-पुस्तकांचं दुकान. चोवीस वर्षांचा असताना कारंजाला आलेल्या एका मुनिमहाराजांपुढं हात जोडून त्यानं व्रत घेतलं होतं: आपल्या गावापासून कोणत्याही दिशेला दोनशे कोसांपलीकडं पाऊल टाकणार नाही. जैनांत असं व्रत घेणारे असतात. जिथं आपण जायचंच नाही, तिथल्या जिवांना आपल्यापासून भय नाही, असा त्यातला विचार. दोन मैलांचा कोस धरायचा, हेही तेव्हा त्यानंच सांगितलं. त्या वयात दोनशे कोस म्हणजे त्याला जगाचं टोक वाटलं होतं. नागपूरपलीकडं तो कधी गेला नव्हता आणि जाण्याची काही चिन्हंही नव्हती. उलट, आपण फारच सैल व्रत घेतलं म्हणून मनातून थोडा खजील झाला होता.

आता काय म्हणावं! लेक विजयमाला कोकणात दिली, जावई बंदराच्या कचेरीत लागला, आणि दिवाळीत लेकीचं पत्र आलं. तिथून सात-आठ मैल आत समुद्रात सरकारनं राखलेली बेटं आहेत. पाखरं एवढी, की खडक दिसत नाहीत. तिथं कोणी दगड मारत नाही, कोणी अंड्याला हात लावत नाही. बोट जवळ नेऊन लांबूनच पाहायचं. पण ज्याचं नाव आधी अर्जात, त्यालाच बोटीत बसू देतात. आई-बाबांनी जानेवारीत यावंच.

पदमचंदची बायको सुंदरबाई रोज सकाळी गच्चीवर पाखरांना ज्वारी टाकल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे. ते पत्र तिनं स्वतः दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा नवऱ्याकडून वाचून घेतलं. मग काय, गडी तयारीला लागला. मूर्तिजापूरहून कोणती गाडी, वाटेत मुक्काम कुठं, उकळलेलं पाणी किती न्यायचं, बोट लागली तर लिंबू की आवळा, सगळं महिनाभर ठरत होतं. मोजायचं तेवढं राहिलं. व्रताची आठवण झाली ती आज, अर्जावर सही करताना.

गुरुजींना हा पेच काही केल्या पटेना. पेन्सिलीचं टोकच दोन कोसांचं आहे, असं ते म्हणाले. पदमचंदनं मान हलवली. मग गुरुजींनी वेगळी शक्कल काढली. पूर्वेला तर आता तुम्ही जन्मात जाणार नाही. तिकडचे दहा कोस कमी करा आणि इकडं जोडून घ्या.

पदमचंदला हसू आलं. "गुरुजी, महाराजानं दोष सांगतले होते त्याईत हाच एक होता. इकडचं कापून तिकडं जोडाचं नाही. ज्यानं हा नियम केला, त्यानं आमच्यासारखे दुकानदार लय पाह्यले असतीन."

गुरुजीही हसले, पण त्यांना वाईट वाटलं. तेवढ्यात सुंदरबाई चहा घेऊन आत आली. तिनं दारामागून सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवत ती म्हणाली, "राहू द्या. पाखरं का आपल्या गच्चीवर येत नाहीत?"

ती हे इतक्या सहज बोलली, की पदमचंदचा जीव तुटला. अशी सहज माघार तिनं कितीदा घेतली होती! वर्षातून दोनदा तो मालासाठी अकोल्याला नाही तर नागपूरला जायचा आणि ती दुकान सांभाळायची. परत आला की ती विचारायची, कसं होतं? तो म्हणायचा, कसं असन, गावासारखं गाव. आणि पाय धुवायला निघून जायचा. त्याच्या मागं ती किती वेळ उभी राहायची, हे त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं. आज त्याला त्याची लाज वाटली.

त्यानं अर्ज ओढून घेतला. वर त्याचं नाव होतं आणि खाली 'सोबत पत्नी' एवढंच. त्यानं दोन्हींवर काट मारली आणि गुरुजींना कोरा कागद मागितला.

सुंदरबाई घाबरली. तुमच्याशिवाय मी कधी कारंजालासुद्धा गेली नाही, लोक काय म्हणतील, बोटीत भोवळ आली तर कोण धरील, असं तिनं एका दमात सगळं काढलं. पदमचंदनं ते बोलू दिलं. विजयमाला धरील, तो म्हणाला. बंदरापर्यंत मी आहेच, तिथवर माझं व्रत मला येऊ देतं.

"अन तुमी काठावर दिवसभर काय करसान?"

"वाट पाहीन. तू अडतीस वर्सं पाह्यली, मी एक दिवस पाहतो. आली का मले सांग, कसं होतं थे."

सुंदरबाई गुरुजींकडं वळली आणि तिनं सांगितलं, की बोट दिवस मावळायच्या आत परत यायला पाहिजे, एवढं अर्जात लिहा. हे अंधार पडल्यावर जेवत नाहीत आणि माझ्यासाठी थांबले तर उपाशी झोपतील. गुरुजींनी तसं लिहिलं.

नव्या कागदावर एकच नाव होतं. सुंदरबाईनं पदराला हात पुसले आणि त्यापुढं सावकाश सही केली.