चकचकीत गाडीचे दुखणे

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे आणि या वयातही माझ्या अंगावर गंजाचा ठिपका सापडणार नाही. हे वाक्य मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता जरा जपून सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पहिल्या किकला मी सुरू झाले तेव्हा तिथला तपासनीस म्हणाला होता, "हिचा ठेका ऐका, यावर घड्याळ लावून घ्या!" जागेवर उभी असताना संथ, एका लयीत धुकधुक करायची, हीच माझी खरी ओळख. पळायला काय, कुणीही पळते. उभे राहून शांत राहणे कठीण.

मला एका तरुण टेलरमास्तरांनी घेतले. कॉलरला सदा एक सुई टोचलेली, मागे कपड्यांचे गठ्ठे, अशी आमची स्वारी गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरत असे. सुट्टीच्या दिवशी मास्तर ओले फडके फिरवायचे, तेवढ्यावर माझे भागायचे. त्यांची लेक माझ्या टाकीवर बसूनच मोठी झाली. हॉर्न वाजवून वाजवून तिने शेजाऱ्यांचा अंत पाहिला. पुढे ती नर्स झाली, घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करू लागली आणि मी तिच्या हाती आले.

त्याच सुमारास मास्तरांनी दुकान बंद केले. इतक्या वर्षांचे कामसू हात, रिकामे ठेवायचे तरी कुठे? त्यांनी ते माझ्यावर ठेवले. रोज सकाळी पॉलिशचा डबा निघायचा. टाकी, झाकण, मडगार्ड, सगळे घासून घासून लख्ख! शेजारी म्हणायचे, "मास्तर, आता या टाकीत बघून दाढी करायला हरकत नाही." मी नुसती फुगून जायचे. लेकीवरही त्यांची अशीच माया. हेल्मेट घातलेस का, पाणी घेतलेस का, सावकाश जा, पोचलीस की फोन कर. त्यांच्या सूचना संपेपर्यंत माझे इंजिन तापून जायचे.

आणि मग माझे काहीतरी बिनसले. घरून मी झोकात निघायचे. पण बरेच अंतर गेल्यावर एखाद्या चौकात उभी राहिले, की ठेका चुकायचा. धुक... धुकधुक... फट... आणि बंद! मागून हॉर्नचा गजर, आणि लेकीचे तोंड लाजेने लाल. मला काय होते आहे ते माझे मलाच कळेना. नुसता जीव कोंडल्यासारखा व्हायचा.

"कार्बोरेटर, ताई. दुसरं काय असणार?" गॅरेजातले मिस्त्री म्हणाले. त्यांना जगातल्या सगळ्या दुखण्यांचे मूळ कार्बोरेटरात दिसायचे. गाडी आली की ते आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचे, मग किक मारायचे, आणि मी नेमकी तेव्हाच शहाण्यासारखी धुकधुकायचे. तरी त्यांनी कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे पिळून पाहिला. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला! पुढच्या फेरीला चौकात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी मास्तर धास्तावले. एका हॉटेलवाल्याला मी हवी होते. चालवायला नव्हे, भिंतीवर टांगायला! माझ्या चाकांत तो रंगीत दिवे लावणार होता. मित्रांनो, खरे सांगते, हे ऐकून माझ्या इंजिनातले तेल गार पडले.

"बाबा, ती माझी गाडी आहे," लेक म्हणाली.

"भर चौकात बंद पडते ती. मागून एखादा ट्रक आला तर? गाडी दुसरी मिळेल, पोरी. तू दुसरी मिळणार आहेस का?"

आणि हॉटेलवाल्याशी सौदा ठरला.

हॉटेलवाला टेम्पो घेऊन यायचा त्या सकाळी मास्तरांनी मला अखेरचे पॉलिश केले, नेहमीपेक्षा जास्तच. लेक म्हणाली, "एक शेवटची चक्कर मारू. तुम्ही मागे बसा."

पुलापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो आणि चौकात माझा ठेका अडखळला. फट! बंद. माझे दुखणे मास्तर पहिल्यांदाच समक्ष पाहत होते. दोघांनी मला ढकलत कडेला घेतले.

"पेट्रोल तरी आहे का?" मास्तरांनी झाकण फिरवले.

हुस्स!

"भरलेली आहे की!" त्यांनी झाकण पुन्हा लावले. लेकीने किक मारली. धुकधुक, धुकधुक. जणू काही झालेच नव्हते.

लेक थबकली. "बाबा, आत्ता तो आवाज कसला आला?"

"कसला?"

"कुणीतरी दम घेतल्यासारखा. आणि मिस्त्रीही आधी झाकणच उघडतात!"

तिने मला बंद केले आणि झाकण काढून उन्हात धरले. माझ्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक आहे. पेट्रोल खाली उतरते तशी त्यातून हवा आत येते. हवा आली नाही, तर पेट्रोल टाकीतच अडून बसते. ते भोक वाळलेल्या पांढऱ्या पॉलिशने गच्च बुजले होते.

मास्तरांनी झाकण हातात घेऊन डोळ्यांजवळ धरले. "म्हणजे मीच हिचा गळा दाबत होतो होय? रोज सकाळी?"

"लाडानं, बाबा," लेक हसू आवरत म्हणाली.

मास्तरांनी कॉलरची सुई काढली आणि भोक टोकरले. मोहरीएवढा कण बाहेर पडला. मी मोकळा श्वास घेतला, आणि घरापर्यंतच्या एकाही चौकात माझा ठेका चुकला नाही.

दारात टेम्पो उभा होता. "गाडी विकायची नाही," मास्तर म्हणाले.

"अहो मास्तर, मग मी भिंतीवर टांगू काय?"

"आरसा टांगा. तोही चमकतो!"

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू जरूर पुसा, आम्हाला ते आवडते. पण एखादी कुरकुरू लागली, तर तिला भंगारात काढण्याआधी जरा तिच्याजवळ थांबा आणि कान द्या. तिचा श्वास कुठे अडला आहे, ते कदाचित तीच सांगेल.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला पुसले आणि झाकणातून सुई फिरवली. लेक हेल्मेट घालून आली. "बाबा, निघते."

मास्तरांच्या ओठांवर सगळ्या सूचना आल्या होत्या. मी ओळखले, कारण मला त्या पाठच आहेत. पण त्यांनी त्या गिळल्या आणि सुई कॉलरला टोचली.

"जा," ते म्हणाले.

कोपऱ्यावर लेकीने आपणहून ब्रेक लावला आणि मागे वळून ओरडली, "पोचले की फोन करते हं, बाबा!"

मास्तरांनी हात हलवला. त्यांचा हात खाली येईपर्यंत मी तिथेच उभी होते, धुकधुक, धुकधुक, अगदी शांत.