उलटं चालणाऱ्याने बोलायचं नाही

आमच्या काचेच्या दुकानात मी मापं घेते, काच कापते आणि उरलेला वेळ दोन भावांची भांडणं निस्तरते. दादाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. धाकटा मूग गिळून बसतो, आणि त्याचं ते गप्प बसणं दादाच्या ओरडण्यापेक्षा जास्त झोंबतं.

मागे एका काचेचा कोपरा उडाला. दादाने गिऱ्हाइकासमोर धाकट्याला फाडून खाल्लं. तेव्हापासून धाकट्याने त्याच्याशी बोलणंच टाकलं. मला मात्र म्हणाला, "ताई, नाचाच्या वर्गाचं काम संपलं की मी दुसऱ्या दुकानात जातोय." हे दादाला सांगायची माझी छाती होईना.

आज त्याच वर्गाच्या भिंतीला लावायच्या आरशाच्या दोन काचा वरच्या मजल्यावर न्यायच्या होत्या. जिन्यात काचेचं वरचं टोक धरणारा उलटा चढतो, त्याला पायऱ्या दिसत नाहीत. बोलतो तो खालचा. वडिलांनी घालून दिलेला नियम आहे: उलटं चालणाऱ्याने बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. आणि उचललेली काच जिन्यात टेकवायची नाही. खालचं टोक कायम दादाचं. पण आज तो तणतणत आला आणि रागाच्या भरात भलतंच, वरचं टोक उचलून बसला. लक्षात आलं तेव्हा टाच पहिल्या पायरीला लागली होती.

"पायरी," धाकटा म्हणाला. "पायरी. जरा डावीकडे. पायरी."

मी मागून जीव मुठीत धरून चढत होते.

"दादा, कोपरा उडाला ती चूक माझीच. पायरी. पण परक्या माणसासमोर बोललास, ते सहन नाही झालं. हळू, कठडा आहे. मी दुसरीकडे काम बघितलंय. पायरी."

दादाचे कान लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं. पाय मात्र धाकटा सांगेल तिथेच पडत होता.

"मला जायचं नाहीये. पायरी. पण तुझ्यापुढे माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. झालं, आता सपाट आहे."

आवाज चढला नाही, काच थरथरली नाही. ज्याच्यावर रुसला होता त्याचा एकेक पाय धाकटा सांभाळत होता, आणि दादा, माझा दादा, डोळे झाकून त्याच्यावर भरवसा टाकत होता. या दोघांना मी जन्मभर पाहत आलेय, पण असलं काही पाहिलं नव्हतं.

काच भिंतीला लागली. आता दादा फुटणार म्हणून मी थांबले. तो सरळ खाली टेम्पोकडे उतरला.

टेम्पोत दुसरी काच होती. धाकटा सवयीने वरच्या टोकाशी गेला. दादाने त्याला हाताने बाजूला केलं आणि स्वतः तिथे उभा राहिला.

"दादा, हे टोक माझं."

"माहितीये," दादा हातमोजे चढवत म्हणाला. "अजून काही राहिलं असेल तर बोल."