तिसरा ग्लास

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गॉबनेट हर्लीने कोटावरचा बिल्ला काढला आणि डेनिस क्रोलीच्या काउंटरवर ठेवला. नखाएवढा बिल्ला, मधोमध लाल हृदय. एकतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, तिने चर्चमध्ये दारू न शिवण्याची शपथ घेतली होती. पिणाऱ्या माणसासाठी न पिणाऱ्याने घ्यायची ती शपथ; बिल्ला ही तिची खूण. पिणारा होता फिनबार, तिचा नवरा. गेल्या गुरुवारी संध्याकाळी त्याची बोट बंदराच्या तोंडावरच्या खडकांवर फुटली. फिनबार आणि त्याचा खलाशी कॉन, दोघेही सापडले नव्हते.

“काळी बिअर किती तऱ्हेची आहे तुझ्याकडे?” तिने विचारलं.

डेनिसने हातातलं फडकं खाली ठेवलं. “पोर्टर आहे, स्टाउट आहे. बाटलीतली एक जड स्टाउट. कुणाला हवीय?”

“मला. तिन्हीतली थोडी थोडी दे.”

“गॉबनेट, अगं...”

“सहा वाजता बंदराच्या कचेरीत माझा जबाब आहे. तुझा झाला ना?”

“सकाळीच. गुरुवारी फिनबार आला, एक स्टाउट घेतली आणि गेला. होतं ते सांगितलं.”

“मलाही तो एकच म्हणाला होता.”

पबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. गावातले पुरुष पाच दिवस किनाऱ्यावरचे खडक धुंडाळत होते. डेनिसने पोर्टर ओतली. गॉबनेटने ग्लास आधी नाकाशी नेला. चव तिला ठाऊक नव्हती; वास मात्र रोज रात्री त्याचा कोट खुंटीला टांगताना यायचा. पोर्टरला भाजलेल्या जवाचा, गार झालेल्या कॉफीसारखा वास होता. तिने घोट घेतला. अपेक्षेपेक्षा पातळ लागली.

“ही नाही,” ती म्हणाली.

स्टाउटचा ग्लास त्याने पाऊण भरला आणि बाजूला ठेवला. तिने हात पुढे केला.

“थांब. बसू दे तिला. एकतीस वर्षं थांबलीस, अजून दोन मिनिटं थांब.”

म्हणून झाल्यावर तो स्वतःच ओशाळला. फेस वर चढला, खाली काळं स्थिरावलं, मग त्याने ग्लास काठोकाठ भरला. करपलेल्या पावाच्या कडेचा वास, तसाच कोरडा कडूपणा. हा वास तिच्या ओळखीचा होता, कित्येक वर्षांचा. पण गुरुवारचा हा नव्हता.

“आता बाटली.”

“ती राहू दे. पोटात काही आहे का तुझ्या?”

“डेनिस.”

त्याने बाटली उघडली. ग्लास ओठांपर्यंत नेण्याआधीच तिचा हात थबकला.

जळालेली काकवी. काळे मनुके. गुरुवारी फिनबार दहा मिनिटांसाठी घरी आला होता, रबरी कोट न्यायला. बाहेर गाडीत कॉन बसला होता. त्याने काचेतून तिला हात केला होता. “किती घेतलीस?” तिने विचारलं होतं. “एकच,” तो म्हणाला. तिने चहाचा थर्मास भरून त्याच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

तिने घोट घेतला. आधी गोड, मग कडू, मग छातीपर्यंत ऊब.

“किती जड असते ही?”

“पोर्टरच्या दुप्पट.”

“किती दिल्यास त्याला?”

डेनिस कोरडा काउंटर पुसू लागला. “बोट काढणार आहे हे मला काय ठाऊक? मला वाटलं, घरी जाईल.”

“किती?”

“चार.”

आत शेकोटीत लाकूड तडकलं. डेनिसने बिल्ला दोन बोटांनी तिच्याकडे सरकवला.

“हा लाव आधी. बिल्ला दिसला की तो चौकशीचा साहेब खोलात जाणारच नाही. या बाईला दारूतलं काय कळतंय, म्हणेल. माणूस गेला गं, नाव तरी राहू दे त्याचं.”

“आणि तुझा पब.”

त्याने बाटली काउंटरखाली सारली.

“ब्रीद रोज धक्क्यावर माझ्या शेजारी बसते,” गॉबनेट म्हणाली. ब्रीद म्हणजे कॉनची बायको. “काल तिने विचारलं, फिनबार शुद्धीत होता ना गं? मी हो म्हटलं.”

“मग झालं तर.”

“तिने माझ्या बिल्ल्याकडे बघितलं आणि रडायची थांबली.”

ग्लासात उरलेली तिने उभ्यानेच संपवली, रुमाल डोक्याला बांधला आणि निघाली. बिल्ला काउंटरवर राहिला. डेनिसने हाक मारली, ती वळली नाही.

बंदराच्या कचेरीबाहेर, बाकावर ब्रीद बसली होती. ती सरकली, शेजारी जागा केली. गॉबनेट बसली नाही. तिने फक्त ब्रीदच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली.

चौकशी अधिकारी तरुण होता, परगावचा. त्याने खुर्ची पुढे केली, वेळ लिहिली, छापील प्रश्नांवरून बोट फिरवलं.

“तुम्ही शपथवाल्या, असं गावात सगळेच सांगतात,” तो म्हणाला. “तेव्हा नवऱ्याच्या पिण्याबद्दलचा हा भाग गाळतो. उगीच तुम्हाला त्रास नको.”

तिच्या कोटावर, बिल्ल्याच्या जागी, कापडाचा न विटलेला गोल ठिपका होता.

“गाळू नका,” ती म्हणाली.

सहा वाजून दहा मिनिटांनी शोधनौका बंदरात परतल्या. दोघांपैकी कुणीही सापडलं नव्हतं.