दाढेतले चाळीस नंबरचे किडे

आमच्या शिवणकारखान्यात त्या दुपारी एकही मशीन चालत नव्हतं, कारण बावीस बायका स्वतःच्या दातांतले किडे मोजत होत्या.

किडे काढत होते गावोगाव फिरून दाढदुखी बरी करणारे दंतमहाराज. कापसाचा बोळा औषधात बुडवायचा, दुखऱ्या दाढेवर फिरवायचा आणि ऊन पाण्याच्या वाटीत पिळायचा. लगेच पाण्यात पांढरे किडे वळवळत.

"बघा ताई, हा आजोबा किडा, ही त्याची सून. एकत्र कुटुंब आहे!"

"माझे नऊ निघाले," काज-बटणवाली म्हणाली.

"माझे अकरा!" ओव्हरलॉकवालीने असं सांगितलं, जणू मुलगी वर्गात पहिली आली.

मीही मजेत बघत बसलो असतो. पण खुर्चीत माझी मावशी होती. गाल टरारून सुजलेला, अंगात ताप, तोंड जेमतेम उघडत होतं. डॉक्टरकडे चल म्हणून तीन दिवस मी मागे लागलो होतो.

"वरची दाढ काढली की नजर जाते," ती म्हणायची. "मग सुईत दोरा कोण ओवणार, तू?"

मावशीचे पाच किडे निघाले. सूज जागची हलली नाही.

"म्होरके मुळाशी दडलेत," महाराज म्हणाले. "रोज या. डॉक्टरने दाढ उपटली, तर तेच डोळ्यात चढतील!"

मावशीने मान डोलावली.

तेवढ्यात आमचे कटिंगमास्तर पुढे आले. "महाराज, माझीही दाढ ठणकतेय हो."

बोळा फिरला. सहा किडे निघाले. एक तर चांगलाच धष्टपुष्ट. मास्तरांनी ते शांतपणे पाहिले, मग दोन्ही कवळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

"चौदा वर्षं झाली," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "दात नाहीत मला."

"हे... हे गेलेल्या दातांचे वारस आहेत!"

मास्तरांनी एक वारस चिमटीत धरला. "सुती दोरा. दोन पदरी. चाळीस नंबर."

त्यांनी आमच्याच रिळाचा दोरा बारीक कापून वाटीत टाकला. पाणी लागताच पीळ सुटू लागला आणि तुकडे वळवळले. मी महाराजांचा नवा बोळा उलगडला. आत तसलेच तुकडे गुंडाळलेले. जन्मभर दोरा हाताळणाऱ्या बावीस बायकांना दोराच ओळखू आला नव्हता.

"म्हणजे माझे अकरा खोटे?" ओव्हरलॉकवाली रडवेली झाली. महाराज मात्र चप्पल विसरून पसार झाले.

मावशी अजून अडूनच. "दोरा असेल. पण नजरेचं काय?"

"बाई, माझे बत्तीसच्या बत्तीस काढलेत," मास्तर म्हणाले. "तरी दोरा पहिल्यांदा दिसला कुणाला?"

मावशी उठली. "चल रे, रिक्षा बघ."

डॉक्टरीणबाईंनी पू काढला, दाढही काढावी लागली. "महिनाभर आधी आला असतात, तर कदाचित वाचली असती. दातात किडा नसतो हो. जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, त्याने दात पोखरतो. ब्रश करता ना?"

"हिरड्यांतून रक्त येतं म्हणून बंद केलाय."

"बंद केलात म्हणूनच वाढलंय! मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा घासा."

चार दिवसांनी मावशी मशीनवर बसली आणि पहिल्याच फटक्यात सुई ओवून तिने माझ्याकडे रागाने बघितलं, जणू नजर शाबूत राहिली हा माझाच दोष.

तेव्हा मंडळी, दाढ दुखली तर दातांच्या डॉक्टरकडे जा. गाल सुजला तर त्याच दिवशी. आणि कुणी तुमच्या तोंडातून चमत्कार काढून दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याच हातांनी बोळा उलगडून बघा.